इंग्रजीचा पेपर: आधी मराठीतून येणाऱ्या चुका काढ

भाऊ, स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजीसाठी गावात क्लास नाही म्हणून अडून राहू नको. व्याकरणाचं जाड पुस्तक पहिल्या पानापासून धरू नको. आपल्या चुका ठरलेल्या असतात, त्या आधी पकड.

'तो दोन वर्षांपासून शेतात काम करतो' याचं आपली पोरं 'ही इज वर्किंग सिन्स टू इयर्स' करतात. बरोबर वाक्य 'ही हॅज बीन वर्किंग फॉर टू इयर्स'. किती काळ हे सांगायचं तर 'फॉर', केव्हापासून हे सांगायचं तर 'सिन्स': सिन्स पोळा, सिन्स २०२२. मराठीत दोन्हीकडे 'पासून'च, म्हणून घोळ होतो. 'यस्टरडे'सोबत 'वेन्ट' सोडून 'हॅड गॉन' लिहिणंही त्यातलंच. डोक्यात 'काल गेलो होतो' असतं ना! अशा चुकांची वेगळी वही कर.

शब्द रोज पाचच, पण वाक्यासकट. नुसते अर्थ पाठ केले की रिकाम्या जागेत कोणता शब्द बसतो ते कळत नाही. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी अर्थ झाकून पुन्हा बघ.

उताऱ्याचे प्रश्न आधी वाच, 'नॉट' आणि 'एक्सेप्ट' (म्हणजे 'सोडून') या शब्दांखाली रेघ मार, मग उतारा. उत्तराच्या ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे. कापसाबद्दल तुला कितीही माहीत असो, उताऱ्यात नाही ते उत्तर नाही. बँक क्लार्कच्या पूर्व परीक्षेत इंग्रजीच्या ३० प्रश्नांना २० मिनिटं आणि चुकीला पाव गुण वजा, म्हणून सराव पहिल्या आठवड्यापासूनच घड्याळ लावून कर.