रिपोर्ट नॉर्मल आला आणि त्या रडल्या

वजन कमी करण्यासाठी बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया करून घेतलेल्या व्यक्ती अलीकडे माझ्या दादरच्या समुपदेशन केंद्रात वरचेवर येऊ लागल्या आहेत. त्यांतल्या ज्यांना आधीपासून हायपोथायरॉईडिझम (थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावणे) आहे, त्यांच्या तोंडी एक वाक्य जवळजवळ शब्दशः तेच असते: “मॅडम, बाकीच्यांचं वजन उतरतंय, माझं मात्र थायरॉईड उतरू देत नाही.” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याला एकदा सविस्तर उत्तर द्यावे असे वाटले. त्यासाठी मृदुलाताईंची (नाव व तपशील बदलले आहेत) हकिगत मला सर्वांत उपयोगी वाटते.

मृदुलाताई मुलुंडला राहतात आणि फोर्टमधल्या एका विमा कार्यालयात काम करतात. वय चाळिशीच्या मध्यावर, थायरॉईडची गोळी दहा-बारा वर्षांपासून चालू. स्लीव्ह शस्त्रक्रियेला (जठराचा मोठा भाग काढून ते लहान करतात ती) सात महिने झाले होते आणि ११८ किलोंवरून त्या ९१ वर आल्या होत्या. २७ किलो उतरूनही त्या माझ्यासमोर बसल्या त्या हरलेल्या माणसासारख्या. त्यांच्याबरोबरच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता आणि त्यात एका गृहस्थांनी ३८ किलो उतरल्याचे जाहीर केले होते.

“त्यांचं सुरुवातीचं वजन किती होतं?” मी विचारले.

“एकशे साठ.”

“तुम्ही रोज टक्केवारीत काम करता. काढा बघू दोघांची.”

मोबाईलवर आकडे मांडून त्या काही वेळ स्क्रीनकडे पाहत राहिल्या. त्या गृहस्थांचे पावणेचोवीस टक्के होते, मृदुलाताईंचे जवळपास तेवीस. फरक एका टक्क्याचाही नव्हता. (हे ग्रुप डाळीचे पातळ सूप कसे करावे हे सांगायला फार चांगले असतात, वजनांची बेरीज-वजाबाकी करायला तितकेच वाईट.) त्या हसल्या, पण पुढच्या भेटीला तीच तक्रार पुन्हा घेऊन आल्या. नुसत्या हिशेबाने सुटणारा प्रश्न माणूस समुपदेशकापर्यंत आणत नाही, हे एव्हाना मला ठाऊक झाले आहे.

खरा त्रास मधल्या काळातल्या एका बदलामुळे वाढला होता. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या महिन्यात त्यांचा टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा; गोळी जास्त झाली की तो उतरतो, कमी पडली की चढतो) खालच्या मर्यादेच्याही खाली गेला होता आणि डॉक्टरांनी गोळी १२५ मायक्रोग्रॅमवरून १०० वर आणली होती. मृदुलाताईंनी याचा अर्थ असा लावला होता की वजन उतरवणारा आधारच काढून घेतला. “जुन्या गोळ्यांची बाटली अजून घरात आहे, मॅडम. तीच चालू ठेवली तर?” असे त्यांनी अगदी दबक्या आवाजात विचारले.

या ठिकाणी मी नेहमीची ऐकण्याची भूमिका सोडून स्पष्ट बोलते. थायरॉक्सिनची, म्हणजे या गोळीतल्या संप्रेरकाची, गरज बऱ्याच अंशी शरीराच्या वजनावर ठरत असल्यामुळे वजन उतरू लागले की अनेकांचा डोस कमी करावा लागतो. म्हणजे डोस कमी होणे ही बहुधा वजन उतरत असल्याचीच खूण असते. जठराची बायपास शस्त्रक्रिया (तीत अन्न आतड्याच्या पुढच्या भागात वळवतात) झालेल्या काहींमध्ये शोषण घटल्यामुळे उलट डोस वाढवावाही लागतो, म्हणून हा निर्णय रक्त तपासूनच होतो आणि डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी पुन्हा केली जाते. गरजेपेक्षा जास्त गोळी घेतली तर धडधड, हाताला कंप, झोप उडणे असे त्रास होतात, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडे झिजतात; शस्त्रक्रियेनंतर कॅल्शियम पुरेसे मिळवणे आधीच कठीण झालेले असताना हाडांशी असा खेळ परवडणारा नाही. चौथ्या महिन्यात रात्री छातीत धडधडत होते आणि त्याला त्या ‘टेन्शन’ म्हणत होत्या, हे मृदुलाताईंना तेव्हा आठवले. ती बाटली त्यांनी पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे नेऊन दिली.

मग नव्या डोसवरचा रिपोर्ट आला. टीएसएच २.१, म्हणजे अगदी हवा तिथे. तो कागद माझ्यापुढे ठेवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते आनंदाचे नव्हते.

“रिपोर्ट तर चांगला आहे. मग हे काय?”

“आता कारणच उरलं नाही ना,” त्या म्हणाल्या. “थायरॉईड नॉर्मल, म्हणजे मग मीच. सासूबाई म्हणायच्या तेच खरं, हिच्या तोंडाला कुलूप नाही.”

माझ्या दृष्टीने या संपूर्ण प्रकरणाचे मर्म या दोन वाक्यांत होते. दहा-बारा वर्षांपूर्वी जेव्हा त्यांना थायरॉईडचे निदान झाले, तेव्हा त्यांना दुःख झाले नव्हते, हायसे वाटले होते. ‘खादाड’, ‘आळशी’ या शब्दांपुढे धरायला त्यांना प्रथमच एक ढाल मिळाली होती, आणि ती सरकारमान्य असावी तशी प्रयोगशाळेच्या शिक्क्याची होती. आता रिपोर्ट नॉर्मल आल्याबरोबर ती ढाल हातातून गेली आणि जुने शब्द जसेच्या तसे समोर उभे राहिले. त्यामुळे ‘थायरॉईड उतरू देत नाही’ ही तक्रार जितकी आजाराविषयी असते, तितकीच ती ‘मला दोष देऊ नका’ ही विनवणी असते. ज्या नातेवाइकांना आणि डॉक्टरांनाही ही विनवणी ऐकू येत नाही, ते रिपोर्ट दाखवून वाद जिंकतात आणि माणूस अधिकच एकटा पडतो.

मी त्यांना एवढेच विचारले, “तुमच्याकडे दोनच खाती आहेत का? एक थायरॉईडचं आणि एक तुमच्या दोषाचं?”

त्या गप्प राहिल्या.

“मग उतरलेले २७ किलो कुठल्या खात्यात घातलेत?”

“ते ऑपरेशनचं,” त्या लगेच म्हणाल्या, आणि बोलता बोलता थबकल्या. “म्हणजे उतरलं की डॉक्टरांचं, आणि थांबलं की माझं.”

मी काही बोलले नाही. अशा क्षणी समुपदेशकाने बोलण्याचा मोह आवरला तर समोरची व्यक्ती पुढचे पाऊल स्वतःच टाकते, असा माझा अनुभव आहे. थोड्या वेळाने त्यांनीच आठवून आठवून सांगायला सुरुवात केली: रोज संध्याकाळी सीएसएमटीपर्यंत चालत जाणे, डब्यातली पोळी बाजूला सारून आधी अंडे किंवा पनीर संपवणे, वाढदिवसाच्या केकला हात न लावणे. या गोष्टी त्यांच्या लेखी कुठेच जमा नव्हत्या. त्याचबरोबर वय, आईकडून आलेली शरीराची ठेवण, कमी आहारात शरीराने ऊर्जेचा खर्च आवरून घेणे, ही कुणाचाही दोष नसलेली कारणेही असतात हे त्यांना मान्य करता आले. मी ज्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडले, तिचा आग्रह असा की कृतीचे मूल्यमापन अवश्य करावे, माणसाचे करू नये. वजनकाट्याच्या बाबतीत हा आग्रह जितका उपयोगी पडतो तितका तो क्वचितच कुठे पडत असेल.

आजाराविषयीही थोडे सांगितले पाहिजे. उपचार न केलेल्या हायपोथायरॉईडिझममुळे वाढणारे वजन सहसा काही किलोंचेच असते आणि त्यात शरीरात साठलेल्या मीठ-पाण्याचा वाटा मोठा असतो. गोळीने टीएसएच आटोक्यात असेल, तर शस्त्रक्रियेनंतर वजन उतरण्याच्या आड थायरॉईड येत नाही. काटा आठवडेच्या आठवडे एका जागी अडतो, तसा तो थायरॉईड नसलेल्यांचाही अडतो. मृदुलाताई दिवसातून चार-पाच वेळा वजन करत असत. ते आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी आणि सकाळी करायचे असे आम्ही ठरवले आणि त्यांची निम्मी तगमग तिथेच कमी झाली.

गोळीच्या वेळेबाबत मात्र हयगय नको. माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षिका लोकल गाठायच्या घाईत थायरॉईड, कॅल्शियम आणि लोहाची गोळी चहाबरोबर एकदमच गिळत असत, आणि टीएसएच का वाढतो याचे त्यांना कोडे पडले होते. थायरॉईडची गोळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-नाश्ता किमान अर्ध्या तासाने, शक्यतो तासाने करावा. कॅल्शियम, लोह आणि खनिजे असलेले मल्टिव्हिटॅमिन यांच्यात व तिच्यात चार तासांचे अंतर हवे. त्या शिक्षिकांनी कॅल्शियम दुपारच्या डब्याबरोबर आणि लोह रात्री घ्यायला सुरुवात केली. वेळापत्रक असे बदलले तर डॉक्टरांना सांगावे, कारण शोषण सुधारले की डोसही बदलावा लागू शकतो. अॅसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचाही उल्लेख करावा.

केसांची गोष्ट निघतेच. शस्त्रक्रियेनंतर साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात आणि लगेच थायरॉईडकडे बोट जाते. झपाट्याने उतरलेल्या वजनामुळे ही गळती अनेकांना होते आणि बहुधा काही महिन्यांत थांबते; प्रथिने, लोह आणि जस्त पुरेसे आहे का हे पाहणे महत्त्वाचे. कुणाच्या सांगण्यावरून बायोटिन सुरू केले असेल तर रक्त देण्यापूर्वी ते डॉक्टरांना जरूर सांगावे, कारण काही पद्धतींच्या तपासणीत त्यामुळे टीएसएच खोटा कमी दिसतो.

थकवा, थंडी वाजणे, बद्धकोष्ठ आणि उदासी ही थायरॉईडची लक्षणे असू शकतात. पण लोह किंवा बी-१२ कमी पडले, आहार फार घटला किंवा नैराश्य आले तरी यांतली बरीचशी दिसतात. म्हणून अशी तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला मी पहिल्याच भेटीत शेवटचा टीएसएच, हिमोग्लोबिन आणि बी-१२ कधी तपासले ते विचारते, आणि तीन-चार महिन्यांत तपासणी झालेली नसेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवते. रिपोर्ट ठीक असूनही मन उठत नसेल, रात्री चोरून खाणे सुरू झाले असेल किंवा मद्याचे प्रमाण वाढले असेल, तर समुपदेशकाकडे यायला पुढच्या वजनाची वाट पाहू नये. आणि जगणे नकोसे वाटत असेल, तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे.