नागपूरचा मे, रत्नागिरीचा जुलै : घरातली हवा आणि तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझा जावई दुबईला असतो. येताना दर खेपेला माझ्यासाठी सिगारची पेटी आणतो. मी महिन्याकाठी एखादाच ओढतो, त्यामुळे ते साठतात. झाकणाला काट्याचं आर्द्रतामापक बसवलेली लाकडी पेटी घेतली आहे, आत भिजवलेला स्पंज ठेवतो. काटा बारा महिने 70 वर असतो. तरी मे महिन्यात सिगारचं वरचं पान उकलतं आणि ऑगस्टमध्ये पांढरी बुरशी धरते. एसी नाही, कूलर आहे. सुताराकडून चांगली सागवानी पेटी करून घेऊ का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : सागवानी पेटी नको. सागाच्या तेलाचा आणि पॉलिशचा वास तंबाखूत उतरतो आणि मग जात नाही. कपाटात डांबरगोळ्या असतील तर त्याही आजच काढा.

तुमची खरी अडचण तो काटा आहे. नागपुरात मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास येते, ऑगस्टात ऐंशीच्या वर जाते. दोन्ही वेळी 70 दाखवणारा काटा काहीच मोजत नाही, तो अडकलाय. माझी सगळी नोकरी प्रयोगशाळेत आर्द्रतामापकं तपासण्यात गेली. पेटीबरोबर फुकट येणाऱ्या स्प्रिंगच्या काट्यावर मी कधीच भिस्त ठेवणार नाही. छोटं डिजिटल मापक घ्या, आणि तेही तपासल्याशिवाय वापरू नका.

तपासायला घरातलं मीठ पुरतं. बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. ते विरघळता कामा नये, वर पाणी साचता कामा नये. बूच आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा आणि एक दिवस हात लावू नका. आतली हवा 75 टक्क्यांवर येऊन थांबते. मापक 71 दाखवत असेल तर इथून पुढे त्याच्या आकड्यात 4 मिळवायचे. मला ही पद्धत फार आवडते, कारण तापमान 20 अंश असो की 40, मिठाचा हा आकडा एका टक्क्यानेही ढळत नाही. उन्हाळ्यात बिनएसीच्या घरात तुम्हाला दुसरं काय इतकं स्थिर मिळणार?

आता पान का उकलतं ते. दुपारी सिगार कोरडा पडतो. रात्री कूलर लागला की खोलीत ओल भरते, आणि स्पंजची ओल असतेच. आतली पानं पाणी पिऊन फुगतात, वरचं पान पातळ, ते ताण सोसत नाही आणि फाटतं. म्हणजे नुकसान नुसत्या कोरडेपणानं होत नाही, रोजच्या चढउतारानं होतं. म्हणून वाळलेला सिगार घाईनं ओला करू नये. त्याला काही आठवडे द्यावे लागतात.

स्पंज काढून टाका. स्पंज फक्त पाणी देतो, जास्तीचं परत घेत नाही. तुमच्या ऑगस्टमधल्या बुरशीला तोही जबाबदार आहे. काही जण तंबाखूत सफरचंदाची फोड ठेवतात, तेही करू नका. त्याऐवजी ठरावीक आर्द्रतेच्या पुड्या मिळतात. त्यांत क्षारांचं द्रावण असतं आणि वरच्या पापुद्र्यातून फक्त वाफ ये-जा करते. हवा कोरडी झाली की पुडी ओल सोडते, दमट झाली की शोषून घेते. आपल्या मिठाच्या बुचाचंच तत्त्व, फक्त क्षार वेगळे. त्यांवर 62, 65, 69 असे आकडे असतात. सगळीकडे 69 किंवा 70 सांगतात, पण तुमच्या उकाड्यात मी 65 ची पुडी घेईन. उष्ण हवेत बुरशी लवकर धरते, आणि 65 ला सिगार नीट जळतोही.

या पुड्या लाकडी पेटीत लवकर संपतील, कारण झाकणाच्या फटीतून नागपूरची हवा आत-बाहेर करत राहील. रबराची कड असलेला, चार बाजूंनी खटके लागणारा प्लास्टिकचा डबा घ्या. आधी तो धुऊन उघडा ठेवा, प्लास्टिकचा वास पूर्ण जाऊ द्या. दुबईहून आलेल्या पेटीतल्या लाकडाच्या पातळ पट्ट्या असतील तर त्या डब्यात टाका. ते लाकूड महोगनीच्या कुळातलं असतं, त्याचा वास तंबाखूला मानवतो.

उरलं तापमान, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. सिगार 18 ते 21 अंशांत सुखी असतो. 25 च्या वर गेलं की तंबाखूतल्या किड्यांची अंडी उबतात. हे तांबूस, दोन-तीन मिलिमीटरचे किडे तुमच्या घरी नवे नाहीत: हळकुंडांना, धण्यांना, लाल मिरचीला टाचणीएवढी भोकं पाडणारे हेच. म्हणून डबा स्वयंपाकघराजवळ ठेवू नका. नवी पेटी आली की दोन पिशव्यांत घट्ट बांधून एक दिवस फ्रिजमध्ये, मग तीन दिवस फ्रीजरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर गार सिगारवर दव धरेल. वर्षभर डबा तळमजल्यावरच्या आतल्या भिंतीच्या कपाटात, कूलरच्या झोतापासून लांब ठेवा. मे महिन्यात तोच डबा पुडीसकट, घट्ट बंद, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात गेला तरी माझी हरकत नाही. उघडा सिगार मात्र फ्रिजमध्ये कधीच नको. तिथली हवा कोरडी असते आणि लसणीचा वासही लागेल.

बुरशी धरलेले सिगार पुसून वाचवू नका, टाका. आणि एक मनापासून सांगते: सिगारच्या धुरानंही तोंडाचा नि घशाचा कर्करोग होतो. महिन्याला एक हे प्रमाण वाढू देऊ नका, सोडता आलं तर फार बरं.

प्रश्न : पावसाळ्यात माझ्या कॅमेऱ्याच्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी येते. सिगारवाल्या पुड्या चालतील का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही चालणार. भिंगाला 40 ते 50 टक्के आर्द्रता हवी, 65 ला बुरशीचा धोका उंबरठ्यावर येतो. तसाच घट्ट डबा घ्या, पण आत सिलिका जेल ठेवा. नारिंगी दाण्यांचं घ्या. ओल भरली की ते हिरवे होतात. मग ओव्हनमध्ये साधारण 120 अंशांवर, पुन्हा नारिंगी होईपर्यंत तापवायचे, पूर्ण गार झाल्यावर डब्यात टाकायचे. कॅमेऱ्याची चामडी पेटी डब्यात घालू नका, चामडं ओल धरून ठेवतं. बुरशी आत शिरली असेल तर भिंग स्वतः उघडू नका, दुरुस्तीवाल्याकडे द्या, आणि ते साफ होऊन येईपर्यंत दुसऱ्या भिंगांच्या डब्यात ठेवू नका.