शासनातील गैरव्यवहार उघड करणाऱ्या पत्रकाराला कोणते वैयक्तिक धोके असतात?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: शासनातील गैरव्यवहार बाहेर काढणाऱ्या पत्रकाराला स्वतःला नेमके कोणते धोके असतात, आणि या कामाकडे वळू पाहणाऱ्याने घरच्यांना काय सांगावे. मी नागपुरात बातमीदारी करते. पाटबंधारे, सार्वजनिक बांधकाम आणि महसूल ही खाती दीर्घकाळ माझ्याकडे राहिली, त्यामुळे खाली जे लिहिते आहे त्यातील बरेचसे विदर्भात पाहिलेले आहे.

घरच्यांना सर्वांत आधी जिवाची काळजी वाटते आणि ती निराधार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला चारचाकीने उडवले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. तेथील प्रस्तावित रिफायनरीबद्दल ते सातत्याने लिहीत होते, आणि ज्याच्याविषयीची त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती त्याला पोलिसांनी या प्रकरणात अटक केली. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडमधील बीजापूर येथे मुकेश चंद्राकर यांचा मृतदेह एका कंत्राटदाराच्या आवारातील सेप्टिक टँकमध्ये सापडला. रस्त्याच्या कामातील गैरव्यवहाराच्या बातमीशी त्यांचे नाव जोडलेले होते. मार्च २०१८ मध्ये मध्य प्रदेशातील भिंड येथे संदीप शर्मा यांना ट्रकने चिरडले. रेतीच्या अवैध उपशातील पोलिसांचे साटेलोटे त्यांनी छुप्या चित्रीकरणातून दाखवले होते आणि आपल्या जिवाला धोका असल्याचे त्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांना आधीच लेखी कळवले होते.

ही तीन नावे शेजारी ठेवून पाहावीत. यांपैकी कोणीही राजधानीत बसून लिहिणारा नव्हता, आणि तिघांच्याही बातम्यांचा विषय जमीन, रस्ता किंवा रेती असा, म्हणजे ज्यात स्थानिक माणसाचा पैसा गुंतलेला असतो तो होता. मोठ्या शहरातील मोठ्या दैनिकाच्या पत्रकारावर हात टाकला तर गवगवा होतो, अधिवेशनात प्रश्न विचारला जातो. तालुक्याच्या वार्ताहराबाबत तसे काही होणार नाही, असा हिशोब मारणाऱ्याने केलेला असतो. म्हणून माझे ठाम मत असे आहे की जिवाचा धोका बातमी किती मोठी आहे यापेक्षा बातमी देणारा किती एकटा आहे यावर अधिक अवलंबून असतो. पत्रकाराला एकटे पाडण्याचे काम मात्र हल्ल्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते, आणि ते बहुधा कायद्याच्याच मार्गाने होते.

माल्टा या युरोपातील लहानशा देशात डॅफ्ने कारुआना गॅलिझिया यांची १६ ऑक्टोबर २०१७ रोजी मोटारीत बॉम्ब ठेवून हत्या झाली, तेव्हा त्यांच्यावर अब्रूनुकसानीचे चाळीसहून अधिक खटले प्रलंबित होते आणि त्यांपैकी एका प्रकरणात त्यांची बँक खातीही गोठवण्यात आली होती. आपल्याकडे पद्धत वेगळी असली तरी रोख तोच असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे अब्रूनुकसानी हा आजही फौजदारी गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते. ही तरतूद घटनाबाह्य नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच जुन्या कायद्यासंदर्भात दिला आहे. लिहिलेले खरे आहे एवढे सिद्ध करून पुरत नाही, ते लोकहितासाठी प्रसिद्ध केले हेही दाखवावे लागते. मंत्र्याच्या किंवा लोकसेवकाच्या कामकाजासंबंधी बदनामी झाली असे शासनाला वाटल्यास सरकारी वकील शासनाच्या मंजुरीने थेट सत्र न्यायालयात तक्रार दाखल करू शकतो, म्हणजे तक्रारदाराच्या बाजूचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो आणि पत्रकाराच्या बाजूचा त्याच्या पगारातून. अशा खटल्यात शिक्षा क्वचितच होते. परंतु अंक जिथे वाचला जातो अशा एखाद्या दूरच्या तालुक्याच्या न्यायालयात तक्रार दाखल झाली की प्रत्येक तारखेला सकाळची एसटी पकडायची, दुपारपर्यंत बाकावर बसायचे आणि पुढची तारीख घेऊन परतायचे, यात माणूस हळूहळू झिजतो. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने निर्दोष सुटल्यानंतर बांधकाम खाते सोडून सांस्कृतिक पुरवणीचे काम मागून घेतले. त्याच्या बातमीतील एकही आकडा कोणाला खोटा ठरवता आला नव्हता.

अब्रूनुकसानीपेक्षाही मला खंडणीच्या गुन्ह्याची अधिक भीती वाटते, आणि ही गोष्ट पत्रकारितेच्या वर्गात फारशी शिकवली जात नाही. तालुक्याच्या वार्ताहराला बहुतेक दैनिके पगार देत नाहीत. मानधन अगदी तुटपुंजे असते आणि खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनवर चालते. दिवाळीची, स्वातंत्र्यदिनाची, नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी निघते, तिच्यासाठी त्याला ठरवून दिलेले लक्ष्य असते आणि ते त्याने कंत्राटदार, सरपंच, पतसंस्था आणि बाजार समिती यांच्याकडूनच पूर्ण करायचे असते. म्हणजे ज्या कंत्राटदाराच्या पुलाला तडे गेल्याची बातमी त्याने द्यायची, त्याच्याकडेच गेल्या महिन्यात तो जाहिरात मागायला गेलेला असतो. बातमी आली की कंत्राटदार पोलीस ठाण्यात जाऊन सांगतो की याने पैसे मागितले, मी दिले नाहीत, म्हणून याने बातमी छापली. जाहिरातीसाठी केलेले फोन नोंदीत असतातच. या व्यवसायात खंडणी घेणारे खरोखरच आहेत, त्यामुळे लोकही चटकन विश्वास ठेवतात, आणि जो प्रामाणिक आहे त्याला स्वतःच्या गावात तोंड दाखवणे कठीण होते. बातमी आणि जाहिरात ही दोन कामे एकाच माणसाच्या गळ्यात अडकवणाऱ्या व्यवस्थापनांनी आपल्या वार्ताहराला आपणच संकटात लोटले आहे, हे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. याच्या जोडीला लोकसेवकाच्या कामात अडथळा आणल्याचे आणि बळाचा वापर केल्याचे कलम असते, जे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत ३५३ होते आणि आता न्याय संहितेत १३२ आहे. ते अजामीनपात्र असल्यामुळे कार्यालयात जाऊन कागद मागणाऱ्यावर ते लावले गेले की पुढचे काही दिवस जामिनाच्या धावपळीतच जातात.

उत्तर प्रदेशातील मिर्झापूर जिल्ह्यातले एक उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पवन जयस्वाल या स्थानिक वार्ताहराने तेथील एका प्राथमिक शाळेत मुलांना माध्यान्ह भोजनात पोळी आणि मीठ वाढले जात असल्याची चित्रफीत काढली. ती देशभर पाहिली गेली, आणि त्यानंतर शिक्षण विभागाच्या अधिकाऱ्याच्या तक्रारीवरून शासनाच्या बदनामीचा कट रचल्याचा गुन्हा खुद्द जयस्वाल यांच्यावरच दाखल झाला. वृत्तपत्राच्या प्रतिनिधीने छायाचित्र घेण्याऐवजी चित्रफीत का काढली, असा आक्षेप जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीरपणे घेतला. पुढे देशभरातून निषेध झाल्यावर पोलिसांनी तपासाअंती त्यांचे नाव वगळले. मधल्या काळात मात्र ज्या गावकऱ्याने शाळेतील प्रकाराची खबर दिली होती त्याला अटक झाली होती. जयस्वाल यांचे नाव आपल्याला आठवते, त्या गावकऱ्याचे कोणाला आठवत नाही.

माहिती देणाऱ्याचा धोका पत्रकाराच्या धोक्यापासून वेगळा काढता येत नाही, कारण तो ज्याचे नाव कुठेच येत नाही अशा माणसाच्या पोटावर येतो आणि त्याचे ओझे पत्रकाराला जन्मभर वाहावे लागते. एकदा रस्त्याच्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेतील, म्हणजे झालेल्या कामाची मापे जिच्यात नोंदवतात त्या वहीतील, काही पानांच्या छायाप्रती मला खात्यातून मिळाल्या. एकाच लांबीच्या डांबरीकरणाचे देयक दोन वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली (खर्चाच्या सरकारी खात्यांखाली) काढल्याचे त्यांतून दिसत होते. एका पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेला एक छोटा आकडा होता आणि त्याखाली टाचणीची तिरकी सावली उमटलेली होती. तो आकडा फाइल एका विशिष्ट टेबलावर असतानाच लिहिला जातो, हे त्या कार्यालयातील कोणालाही ओळखता आले असते. ते पान आम्ही छापले नाही. दहा रुपयांचा मुद्रांक लावून माहितीच्या अधिकारात अभिलेखांची पाहणी मागितली, नकार आल्यावर अपील केले आणि अखेर साक्षांकित प्रती मिळाल्यावर त्या छापल्या. बातमी हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत आली, तिच्यावर लक्षवेधी, म्हणजे सभागृहात मंत्र्याचे उत्तर मागणारी सूचना, लागली, आणि नागपुरात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की लक्षवेधी लागली की त्याच संध्याकाळी खात्यात माहिती कोणी फोडली याचा शोध सुरू होतो. माझ्या माहीतगारापर्यंत कोणी पोहोचले नाही. त्याच्या शेजारी बसणाऱ्या, या प्रकरणाशी काडीचाही संबंध नसलेल्या लिपिकाची मात्र निव्वळ संशयावरून दूर बदली झाली, त्याच्या मुलीचे दहावीचे वर्ष असताना.

स्रोताचे नाव गुप्त ठेवण्याला आपल्या कायद्यात पुरेसे संरक्षण नाही. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यानुसार कौन्सिलपुढे पत्रकाराला स्रोत सांगण्याची सक्ती करता येत नाही, परंतु न्यायालयापुढे आणि तपास यंत्रणेपुढे ती तरतूद कामी येत नाही. गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संसदेने मंजूर केला, तो वर्षानुवर्षे लागूच करण्यात आला नाही. माहितीचा अधिकारही आता पूर्वीइतका मोकळा राहिलेला नाही, कारण विदा (डेटा) संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने वैयक्तिक माहितीच्या अपवादातील सार्वजनिक हिताची अट काढून टाकली आहे. त्यातच मोबाइल जप्त झाला की एका बातमीचा नव्हे, तर सगळ्या बातम्यांचा स्रोत एकदम उघडा पडतो. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी दिल्लीत न्यूजक्लिक या वृत्त संकेतस्थळाशी संबंधित पत्रकारांच्या घरांवर छापे पडले तेव्हा अनेकांचे फोन आणि लॅपटॉप उचलून नेण्यात आले होते. म्हणून ज्याचे नाव जपायचे आहे त्याचा क्रमांक फोनमध्ये ठेवू नये आणि त्याला शक्यतो समोरासमोरच भेटावे.

महाराष्ट्रात पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१९ पासून तो लागू झाला. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. तो असल्याचे मला समाधान आहे, पण ठाण्यात तक्रार लिहून घेताना हे कलम लावावे यासाठी बहुतेक वेळा अडून बसावे लागते, आणि स्वतःची वाहिनी चालवणाऱ्या एकट्या पत्रकाराला आधी आपण पत्रकार असल्याचेच पटवून द्यावे लागते.

स्त्री पत्रकाराच्या वाट्याला येणाऱ्या एका गोष्टीचा उल्लेख थोडक्यात करते. बातमीला उत्तर देता आले नाही की तिच्या चारित्र्याबद्दल बोलले जाते, तिच्या छायाचित्रांशी खेळ केला जातो आणि ते तिच्या सासरच्या व्हॉट्सअॅप समूहापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था केली जाते. हे माझ्या बाबतीत झाले तेव्हा माझ्या सासूबाईंनी तो संदेश पाठवणाऱ्या नातेवाइकाला फोन करून खडसावले, आणि त्या एका फोनमुळे मी या कामात टिकले असे मला आजही वाटते. घरच्यांना काय सांगावे, या आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर त्यातूनच आलेले आहे: बातमी छापून येण्यापूर्वीच त्यांना सगळे सांगावे, बाहेरून काय काय ऐकू येईल तेही सांगावे, आणि कामासाठी कुठे जात आहोत हे रोज घरातील एका तरी व्यक्तीला ठाऊक असावे.

ज्या बातमीमागे अनेक माणसे उभी असतात तिच्यात प्रत्येकाच्या वाट्याचा धोका घटतो, हे विदर्भाने सिंचन प्रकरणात पाहिले आहे. गोसीखुर्द धरण प्रकल्पाच्या खर्चाचा मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता आणि पुढे तो अठरा हजार कोटींच्या वर गेला. ते चव्हाट्यावर आणणारा कोणी एकटा पत्रकार नव्हता. माहिती मागणारे कार्यकर्ते होते, २०१२ मध्ये पत्र लिहिणारे मुख्य अभियंता विजय पांढरे होते, नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल करणारी जनमंच ही संस्था होती आणि वेगवेगळ्या दैनिकांतील बातमीदार एकमेकांच्या बातम्या पुढे नेत होते. कागद इतक्या हातांत होते की एकाला गप्प करून कोणाचा काहीच फायदा झाला नसता. आजही एखादे कागदपत्र हाती आले की मी त्याची एक प्रत वकिलाकडे आणि एक दुसऱ्या शहरातील सहकाऱ्याकडे ठेवते, आणि ज्याच्याविरुद्ध बातमी आहे त्याला हे कळेल असे पाहते.

आपण नोकरीसाठी मुलाखतीला जाल तेव्हा संपादकांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत. बातमीवरून खटला झाला तर वकिलाची फी संस्था देईल का आणि तसे नेमणूकपत्रात लिहून मिळेल का, हा पहिला. आणि हेच संरक्षण तालुक्याच्या वार्ताहरालाही आहे का, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नावर संपादक अडखळले तर पहिल्या प्रश्नाला मिळालेल्या होकारावरही फार विसंबून राहू नये.