पुरवठा आदेश जोडले होते, तरी अपात्र का?

प्रश्न : अंबड एमआयडीसीत आमचा स्टील फर्निचरचा छोटा कारखाना आहे. एका स्थानिक संस्थेचं शाळांच्या डेस्क-बेंचचं सुमारे 50 लाखांचं टेंडर भरलं. जीएसटी, लघुउद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी, सीएचा उलाढालीचा दाखला, तीन मोठे पुरवठा आदेश, सगळं अपलोड केलं. तरी पहिल्याच, कागदपत्रांच्या लिफाफ्यात बाद. शेरा एवढाच : ‘अनुभवाची अट पूर्ण नाही’. नमुना कुणी पाहिला नाही, दराचा लिफाफाही उघडणार नाहीत म्हणे. शेजारचे कारखानदार म्हणतात, हे सगळं आधीच ठरलेलं असतं, पुढच्या वेळी एखाद्या मोठ्या फर्मचे कागद लावा. मग उद्यम नोंदणीचा उपयोग काय? आणि दाद कुठे मागायची?
– एक उद्योजिका, नाशिक

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेली निविदा आणि तिन्ही आदेश पाहिले. निविदेत मागितला होता पुरवठा पूर्ण केल्याचा दाखला, आणि तुम्ही जोडले पुरवठा आदेश. अमुक संस्थेने माल मागवला, एवढंच आदेशावरून कळतं. तो पोचला का, वेळेत पोचला का, किती परत आला, हे त्यात नसतं. शेरा तिथून आलाय.

मी सरकारी भांडार शाखेत नोकरी केली, छाननीला बसलो आहे. पहिला लिफाफा उघडला की एक तक्ता तयार होतो. डावीकडे निविदेतल्या अटी, वर निविदाधारकांची नावं, प्रत्येक रकान्यात ‘आहे’ किंवा ‘नाही’. लिपिक एकेक पीडीएफ उघडतो. दाखल्यावरचं फर्मचं नाव जीएसटीवरच्या नावाशी ताडतो, सीएच्या दाखल्यावरचा 18 अक्षरी यूडीआयएन, म्हणजे त्या दाखल्याचा ओळख क्रमांक, संकेतस्थळावर टाकून बघतो, आर्थिक वर्षं निविदेत मागितलेलीच आहेत ना ते पाहतो. समितीपुढे जातो तो हा तक्ता. तुमच्या बेंचचं वेल्डिंग किती मजबूत आहे, हे त्या टप्प्यावर कुणाला दिसत नाही. बाद झालेल्याचा दर उघडत नाहीत हे मात्र मला योग्यच वाटतं. दर एकदा दिसला की कुणासाठी तरी अट वाकवायचा मोह होतो.

आता ‘आधीच ठरलेलं असतं’ याविषयी. असं कधीच होत नाही, असं मी म्हणणार नाही. पण ते ओळखायचं अटींवरून. केंद्रीय दक्षता आयोगाने 17 डिसेंबर 2002 रोजी बांधकामांच्या निविदांसाठी एक माप घालून दिलं होतं : मागच्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजित रकमेच्या 30 टक्के, आणि सात वर्षांत तशाच प्रकारचं 80 टक्के रकमेचं एक काम, नाहीतर 50 टक्क्यांची दोन, नाहीतर 40 टक्क्यांची तीन. माल पुरवठ्याला ते जसंच्या तसं लागू नाही, पण ताडून पाहायला उपयोगी पडतं. 50 लाखांना लावलं तर उलाढाल 15 लाख, आणि पुरवठा 40 लाखांचा एक, 25 लाखांचे दोन किंवा 20 लाखांचे तीन. तुमच्या निविदेतल्या अटी याच्या आसपासच आहेत. उद्या कुणी 50 लाखांच्या मालासाठी दोन कोटींची उलाढाल मागितली, किंवा ‘याच संस्थेला पूर्वी पुरवठा केलेला असावा’ असं लिहिलं, तर जरूर भांडा. पण भांडायचं प्री-बिड बैठकीत, म्हणजे निविदा भरण्याआधी शंका-हरकतींसाठी होते त्या बैठकीत, आणि लेखी. तिथे हरकत पटली तर शुद्धिपत्रक निघतं. अपात्र ठरल्यावर अटीलाच नावं ठेवली तर ‘मग निविदा भरली कशाला?’ असं कोर्टातही विचारतात. सातपूर-अंबडचे छोटे कारखानदार या बैठकांना फिरकत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मोठ्या पुरवठादारांची माणसं मात्र हजर असतात. आता 2027 च्या सिंहस्थाच्या निविदा निघतायत, निदान त्या बैठकांना तरी जा.

उद्यमचा उपयोग आहे, पण कुठे ते नीट समजून घ्या. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचं 2012 चं खरेदी धोरण केंद्राच्या खात्यांना आणि उपक्रमांना लागू आहे, म्हणजे आपल्याकडे नाशिकरोडची सिक्युरिटी प्रेस, ओझरचा एचएएलचा विमान कारखाना. तिथे बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबत भरायची अनामत, माफ असते. वार्षिक खरेदीत किमान 25 टक्के वाटा लघुउद्योगांचा, त्यात 3 टक्के महिला उद्योजकांचा. पूर्वानुभवात आणि उलाढालीत सूट मिळू शकते, पण दर्जा व तांत्रिक निकष पूर्ण करूनच. राज्याची कार्यालयं उद्योग विभागाच्या 1 डिसेंबर 2016 च्या खरेदी नियमपुस्तिकेवर चालतात, त्यामुळे प्रत्येक निविदेतलं सवलतीचं कलम वेगळं वाचावं लागतं. बयाणा माफ झाला म्हणजे अनुभवही माफ झाला, असं तुमच्यासारखे पुष्कळ जण धरून चालतात.

दाद मागायची तर आधी त्याच कार्यालयात, दराचे लिफाफे उघडायच्या आत. निविदा उघडण्यापूर्वीच्या तारखेचा पूर्णत्वाचा दाखला तुमच्याकडे असेल आणि फक्त जोडायचा राहिला असेल, तर तो अर्जासोबत द्या आणि पोच घ्या. असा जुना कागद समिती विचारात घेऊ शकते, पण आता नव्याने आणलेला दाखला या निविदेला चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पोद्दार स्टील प्रकरणात मुख्य आणि दुय्यम अटींत फरक केला. बयाण्यासाठी स्टेट बँकेच्या ड्राफ्टऐवजी युनियन बँकेचा प्रमाणित धनादेश लावला होता, तो न्यायालयाने चालवून घेतला. अनुभव मात्र मुख्य अटींत मोडतो. इतरांना काय लावून पात्र ठरवलं हे पाहायचं असेल, तर माहिती अधिकारात छाननीचा तक्ता मागा.

दुसऱ्या फर्मचे कागद आपले म्हणून अजिबात लावू नका. ते उघडकीला आलं की फर्म काळ्या यादीत जाते, आणि तिथून नाव काढायला वर्षं जातात.

त्यापेक्षा पुढच्या निविदांसाठी याच आठवड्यात तुमच्या तिन्ही जुन्या गिऱ्हाइकांकडे जा. त्यांच्या लेटरहेडवर दाखला घ्या : आदेश क्रमांक व तारीख, मालाचं वर्णन, नग, रक्कम, पुरवठा पूर्ण झाल्याची तारीख, ‘काम समाधानकारक’ हा शेरा, सही करणाऱ्याचं नाव आणि पदनाम. फर्मचं नाव जीएसटीवर आहे तसंच, अक्षरन्‌अक्षर.