तुकडा घेतला, मग ब्रश आणि वॉशिंग कशाला?

प्रश्न : वडील ६६ वर्षांचे, बिडीची जुनी सवय. खोकल्यातून रक्त पडलं म्हणून सीटी स्कॅन केला, तर उजव्या फुफ्फुसाच्या मुळाशी गाठ दिसली. आता श्वासनलिकेत दुर्बीण घालून तुकडा, ब्रश आणि वॉशिंग असे तीन नमुने घेणार आहेत. एकट्या तुकड्यावर भागणार नाही का? खर्च वाढतो.
— एक वाचक, सातारा

उत्तर : भागतं, पण दर वेळी नाही. दुर्बिणीतून डोळ्यांना दिसणाऱ्या गाठीचं निदान एकट्या तुकड्यावरून सुमारे ७४ टक्के रुग्णांत होतं, ब्रशवरून ६१ आणि वॉशिंगवरून (सलाईन सोडून परत ओढून घेतलेलं पाणी) ४७. तिन्ही मिळून आकडा ८८ पर्यंत जातो.

चिमट्यात जेमतेम दोन मिलिमीटरचा तुकडा येतो. गाठीवर मेलेल्या पेशींचा थर असला आणि नेमका तोच हाती लागला, तर रिपोर्टात फक्त ‘नेक्रोसिस’ लिहून येतं. म्हणून किमान पाच तुकडे घ्यावेत. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या ‘स्मॉल सेल’ प्रकारातल्या पेशी तर इतक्या नाजूक की चिमट्यातच चिरडतात. तिथे ब्रशच्या स्लाइडवर त्या जास्त स्वच्छ दिसतात. ब्रश मोठ्या पृष्ठभागावरून पेशी खरडतो, मात्र गाठ अस्तराखाली असेल तर त्याला काहीच मिळत नाही. मग सुई घालावी लागते. वॉशिंग तिघांत सगळ्यात दुबळं, पण त्याच पाण्यात टीबीचे जंतूही शोधता येतात. आपल्याकडे गाठ म्हणजे टीबी की कर्करोग, हा घोळ नेहमीचाच.

नमुने वाया जातात ते बहुधा हाताळणीत. तुकडे फॉर्मॅलिन या टिकवण्याच्या द्रवात जातात, पण टीबीच्या कल्चरसाठीचा (जंतू वाढवून पाहण्यासाठीचा) तुकडा सलाईनमध्येच हवा, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. पॅप रंगासाठीची (पेशी रंगवून पाहण्याची एक पद्धत) ब्रशची स्लाइड काही सेकंदांत ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडली पाहिजे. वाळली की पेशी फुगतात आणि वाचता येत नाहीत. ब्रशचं टोक सलाईनमध्ये खळबळून घेतलं तर उरलेल्या पेशींचा सेल ब्लॉक, म्हणजे तुकड्यासारखे काप घेता येतील असा गठ्ठा, बनतो. हे आम्ही आग्रहाने सांगू, कारण नुसतं ‘कर्करोग आहे’ एवढं कळून आता उपचार ठरत नाहीत. प्रकार ठरल्यावर ईजीएफआर, एएलके (जनुकांतले बदल) आणि पीडी-एल१ (कर्कपेशींवरचं प्रथिन) या औषध निवडण्यासाठीच्या चाचण्यांनाही पेशी लागतात. पीडी-एल१ साठी किमान १०० जिवंत कर्कपेशी हव्यात.

वडील क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. ती साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवावी लागते, पण हृदयात स्टेंट असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही.

प्रश्न : आणि तिन्ही निगेटिव्ह आले तर?

उत्तर : तर सुटलो असं समजू नका. स्कॅनवर गाठ संशयास्पद असेल तर पुढची पायरी म्हणजे श्वासनलिकेतून सोनोग्राफी करत गाठीत किंवा शेजारच्या लसिकाग्रंथींत सुई घालणं. गाठ छातीच्या भिंतीजवळ असली तर सीटीखाली बाहेरूनच सुई घालतात. त्यात फुफ्फुसाबाहेर हवा साठण्याचा धोका असतो, म्हणून नंतर काही तास देखरेख आणि छातीचा एक्स-रे.