जुनं कार्टून सोनं, नवं कार्टून भंगार?

प्रश्न : ताई, माझा नातू पाच वर्षांचा आहे. टीव्हीवरून घरात रोजची कटकट. मुलगा म्हणतो आमच्या वेळचे कार्टून भारी होते, मोगली, डकटेल्स, टॉम अँड जेरी, आताचं सगळं भंगार, म्हणून तो पोराला जुनेच लावून देतो. सून म्हणते टॉम अँड जेरीत मारामारी सोडून आहे काय, त्यापेक्षा ते ब्लूई बरं. मी मधात सापडली. बरोबर कोण? - एक आजी, प्रतापनगर

उत्तर : आजी, आधी मुलाची बाजू थोडी घ्यावीच लागते. रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागला की गल्लीत एक पोरगं दिसत नव्हतं, गुलजारांचं ते गाणं, शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज, हे सगळं खरंच भारी होतं हो, आणि ते मूळचं जपानी कार्टून, १९८९ चं, हे तेव्हा कोणाला माहीतही नव्हतं. पण तुमच्या मुलाला आठवतंय ते चाळून उरलेलं. भंगार तेव्हाही ढीगभर होतं, ते विसरला बिचारा. ही-मॅनचंच बघा ना, अमेरिकेत त्याची खेळणी बाजारात आली १९८२ ला आणि कार्टून आलं १९८३ ला, म्हणजे आधी बाहुले बनवले मग ते विकायला गोष्ट जुळवली, आपण मात्र तलवार समजून घरातला झाडू वर करून ओरडत होतो.

आता टॉम अँड जेरी. हे मुळात टीव्हीसाठी नव्हतंच, १९४० पासून थिएटरात मोठ्या पिक्चरच्या आधी दाखवायचे, मोठ्यांनाही हसू यावं म्हणून बनवलेलं, त्यावर पैसा आणि मेहनत दोन्ही भरपूर, सात ऑस्कर मिळाले त्याला. ते बनवणारे हॅना आणि बार्बेरा हे दोघं नंतर टीव्हीत आले तर तिथे बजेट एवढंसं. मग जुगाड सुरू. त्यांचा तो योगी बेअर आठवतो का, अंगात शर्ट नाही पण गळ्यात कॉलर आणि टाय? ती फॅशन नाही, ती काटकसर. कॉलरच्या वरचं डोकं तेवढं हलवायचं, खालचं धड तेच ठेवायचं, पुन्हा काढायची गरज नाही. आणि कोणी पळायला लागलं की मागून तीच खिडकी, तेच झाड, पुन्हा तीच खिडकी. आज यूट्यूबवर जाऊन बघा, एकदा दिसलं की मग दुसरं काही दिसतच नाही. तर जुनं म्हणजे सगळं हाताने मन लावून केलेलं वगैरे, असं काही नाही.

मारामारीचं म्हणाल तर टॉमच्या डोक्यात तवा बसतो त्याची मला एवढी काळजी वाटत नाही. त्यातले सिगार ओढायचे सीन आणि त्या काळ्या मोलकरणीवरचे विनोद मला जास्त खटकतात, म्हणून ते लावायचं तर कोणीतरी मोठं बाजूला बसलेलं बरं.

सुनेचं ब्लूई मात्र मलाही आवडतं, लपवत नाही. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये बनतं, २०१८ पासून, कुत्र्यांचं एक कुटुंब, आईबाप आणि दोन पोरी, एक भाग सात मिनिटांचा. एका भागात नुसता फुगा आहे, तो खाली पडू द्यायचा नाही, बस. व्हिलन नाही, जादू नाही, बाप जमिनीवर लोळून पोरींसोबत खेळतोय. ते बघून पोरगं टीव्ही सोडून फुगा मागतं. जुन्या कार्टूनांत असं काही मला तरी आठवत नाही, बाप असलाच तर पेपर वाचत बसलेला असायचा. आपल्याकडचं छोटा भीम पण २००८ पासून चाललंय, हैदराबादचं, त्यात लाडू खाल्ला की ताकद येते आणि मग दणादण, मला सगळं सारखंच वाटतं पण पोरांना आवडतं, चालू द्या.

खरी भीती वेगळ्याच मालाची. मोबाईलवरचे ते चकाचक व्हिडिओ, ज्यात दोन-दोन सेकंदाला सीन बदलतो. २०११ मध्ये अमेरिकेत चार वर्षांच्या साठ मुलांवर एक प्रयोग झाला होता. काहींना नऊ मिनिटं स्पंजबॉब हे भरभर सीन बदलणारं कार्टून दाखवलं, काहींना सावकाश चालणारं कार्टून, काहींना नुसते रंग दिले. लगेच नंतर लक्ष देण्याच्या, थांबून विचार करण्याच्या चाचण्या घेतल्या तर स्पंजबॉबवाले मागे पडले. परिणाम पुढे किती टिकतो ते त्यात तपासलं नव्हतं, पण स्पंजबॉब १९९९ चं आहे हे लक्षात घ्या, म्हणजे भांडण जुन्या-नव्याचं नाहीच, वेगाचं आहे. तुम्हीच एकदा नातवाशेजारी बसा आणि एक चित्र किती वेळ टिकतं ते मनात मोजा, तीनपर्यंत मोजणं होत नसेल तर बंद करा, कार्टून कोणत्या का सालचं असेना.

आणि आजी, मोगली अर्ध्या तासात संपायचा, मग आठवडाभर वाट बघा. आता एक संपलं की दुसरं आपोआप सुरू. मोबाईलमध्ये ते ऑटोप्ले बंद करायचं बटण असतं, मुलाला शोधायला लावा, भांडायला वेळ आहे तर एवढं होईलच त्याच्याकडून.

प्रश्न : माझा सात वर्षांचा मुलगा शिन-चॅन बघून उलटं बोलायला लागलाय. काल आजोबांनाच म्हणाला, काऊन बे. बंद करू का? - एक आई, मनीषनगर

उत्तर : एकदम बंद नको, कमी करा. शिन-चॅन मुळात १९९० ला जपानमध्ये मोठ्यांच्या कॉमिक मासिकात आलं, पोरगं मोठ्यांची फजिती करतं हा मोठ्यांसाठीचा विनोद होता. २००८ मध्ये आपल्याकडे बंदीही आली होती, मग काटछाट करून परत आणलं. एकदम बंद केलं तर शाळेतल्या मित्रांकडून ऐकेलच, म्हणून दिवसाला एक भाग आणि तोही तुमच्यासमोर, असं करून बघा. पण ताई, शिन-चॅन हिंदीत बोलतो. ते आपल्या विदर्भातलं काऊन बे त्याने दुसरीकडूनच उचललंय, घरात जरा कान देऊन बघा.