सोलापुरात सर्व्हरलेस वेब डेव्हलपमेंटवर (स्वतः सर्व्हर न सांभाळता, कोड क्लाउड कंपनीकडे ठेवून साइट चालवणं) मीटअप घ्यायचाय, पण मोठा स्पीकर मिळत नाही. तरी घ्यावा का?

नक्की घ्या. तुम्ही लिहिलंय की चाळीस-पन्नास जण जमतील, कॉलेजची लॅब मिळेल, पण पुण्या-मुंबईहून कोणी नावाजलेला स्पीकर यायला तयार नाही आणि स्पॉन्सरही नाही. मी कोल्हापुरात असे मीटअप भरवतो आणि माझं मत स्पष्ट आहे: स्पीकरसाठी थांबू नका. आलेल्या प्रत्येकाने स्वतःच्या हाताने एक फंक्शन (कोडचा छोटा तुकडा) डिप्लॉय करायचं, म्हणजे क्लाउडवर चढवायचं, आणि त्याची लिंक स्वतःच्या मोबाइलवर उघडून बघायची, एवढं एकच उद्दिष्ट ठेवा. ते डोळ्यांसमोर असलं की वेळ, जागा, खर्च सगळं आपोआप ठरत जातं.

सोलापूरला हा विषय लागूही पडतो. पंढरपूर तुमच्याच जिल्ह्यात आहे. एखाद्या भक्तनिवासाच्या बुकिंगची साइट घ्या: आषाढी-कार्तिकीला झुंबड, एरवी शुकशुकाट. त्या चार दिवसांसाठी वर्षभर मोठ्या सर्व्हरचं भाडं भरायचं, की जेवढ्या रिक्वेस्ट (साइटकडे आलेल्या मागण्या) येतील तेवढेच पैसे द्यायचे? सुरुवात या प्रश्नाने करा. निकालाच्या दिवशी झोपणारी कॉलेजची साइट हे दुसरं उदाहरण, आणि ते समोर बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने भोगलेलं असतं.

मग थेट फळ्यावर हिशोब मांडा. स्लाइडवर नको, खडूने. एडब्ल्यूएस लॅम्डावर, म्हणजे ॲमेझॉनच्या सर्व्हरलेस सेवेवर, महिन्याला १० लाख रिक्वेस्ट आणि ४ लाख जीबी-सेकंद (मेमरी गुणिले चाललेला वेळ) फुकट मिळतात. फंक्शनला १२८ एमबी मेमरी दिली आणि ते २०० मिलिसेकंद चाललं, तर १० लाख रिक्वेस्टना २५ हजार जीबी-सेकंद लागतात, म्हणजे लॅम्डाचं बिल शून्य. आता तेच फंक्शन १ जीबी मेमरीवर पूर्ण एक सेकंद चालवा: १० लाख जीबी-सेकंद. त्यातले ४ लाख वजा केले की उरलेल्या सहा लाखांचे साधारण १० डॉलर होतात. कोड नीट लिहिला तर पैसे वाचतात, हे मुलांना या दोन ओळींतून जितकं पटतं तितकं तासाभराच्या भाषणातून पटत नाही. याच हिशोबाशेजारी हेही लिहा की लॉग (प्रत्येक रिक्वेस्टची नोंद), डेटाबेस, एपीआय गेटवे (बाहेरची रिक्वेस्ट फंक्शनपर्यंत पोचवणारी सेवा) यांचे पैसे वेगळे असतात, आणि नॅट गेटवे (खाजगी नेटवर्कमधून इंटरनेटकडे जायची वाट) एकही रिक्वेस्ट आली नाही तरी तासावर पैसे घेतो. बजेट अलर्ट कसा लावायचा ते करून दाखवा आणि तो अलर्ट फक्त मेल पाठवतो, सर्व्हिस बंद करत नाही, हे बजावून सांगा. एस३ या फाइल ठेवायच्या सेवेच्या ज्या बकेटमध्ये (कप्प्यात) फोटो आला की फंक्शन सुरू होतं, त्याच बकेटमध्ये त्या फंक्शनने छोटा केलेला फोटो परत ठेवला तर ते स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावत राहू शकतं. हे चालवून दाखवू नका, पण चित्र काढून नक्की समजवा.

हाताने करण्याच्या भागात माझा सगळ्यात आवडता क्षण कोल्ड स्टार्टचा, म्हणजे थंड पडलेलं फंक्शन पहिल्यांदा उभं राहतानाच्या उशिराचा आहे. पुढे प्रोजेक्टरवर लॉग उघडा ठेवा आणि कोणाला तरी लिंक उघडायला सांगा. पहिल्या रिक्वेस्टच्या रिपोर्ट ओळीत शेवटी ‘इनिट ड्युरेशन’ (तयार व्हायला लागलेला वेळ) दिसतं. लगेच दुसऱ्याने उघडली की ते गायब. मग लिंक मीटअपच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि सगळ्यांना एकदम उघडू द्या: नवे इन्स्टन्स (फंक्शनच्या चालत्या प्रती) उभे राहतात आणि बऱ्याच ओळींत इनिट ड्युरेशन परत येतं. मागच्या बाकांवरची मुलंसुद्धा इथे उठून पुढे येतात.

जास्तीत जास्त वेळ राखून ठेवा तो डेटाबेसच्या प्रश्नासाठी. आपल्याकडच्या शहरांत निम्मी मंडळी पीएचपी भाषा आणि मायएसक्यूएल डेटाबेसवाली असतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘माझा मायएसक्यूएल चालेल का?’ घाईत ‘हो’ म्हणू नका. लॅम्डाचा एक इन्स्टन्स एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळतो. गर्दी झाली की शेकडो इन्स्टन्स उभे राहतात आणि प्रत्येक जण डेटाबेसकडे स्वतःचं कनेक्शन मागतो. मायएसक्यूएलची मूळ मर्यादा मात्र १५१ कनेक्शनची. म्हणजे फंक्शन तगतं आणि डेटाबेस कोसळतो, तोही नेमका आषाढीच्या दिवशी. इथून पुढची चर्चा खरी कामाची: मध्ये प्रॉक्सी (कनेक्शन वाटून देणारा मध्यस्थ) ठेवायची, एका वेळी किती फंक्शन चालतील त्याला लगाम घालायचा, की बुकिंग रांगेत टाकून सावकाश नोंदवायचं? पीएचपीसाठी लॅम्डाचा अधिकृत रनटाइम (ती भाषा चालवणारी सोय) नाही, पण ‘ब्रेफ’ हे ओपन सोर्स साधन वापरून पीएचपीचं लारावेल हे फ्रेमवर्क चालवता येतं, हेही सांगा, नाहीतर ही मंडळी चहानंतर परत बसत नाहीत. आणि कुठे सर्व्हरलेस नको तेही मोकळेपणाने बोला: लॅम्डाचं फंक्शन १५ मिनिटांपलीकडे चालत नाही, आणि ज्या साइटवर दिवसभर एकसारखी वर्दळ असते तिला साधा सर्व्हर बरेचदा स्वस्त पडतो.

खात्यांचं मात्र आधी बघा. एडब्ल्यूएसचं खातं उघडताना कार्डसारखं पैसे भरायचं साधन जोडावं लागतं आणि बहुतेक विद्यार्थ्यांना ते जमत नाही. म्हणून सरावाला क्लाउडफ्लेअर वर्कर्स ही दुसऱ्या कंपनीची अशीच सेवा ठेवा: फुकट प्लॅनला कार्ड लागत नाही आणि दिवसाला १ लाख रिक्वेस्ट मिळतात. लॅम्डा तुम्ही स्वतःच्या खात्यावरून दाखवा. दाखवताना रीजन (सर्व्हर कुठल्या भागातले ते) मुंबई निवडलाय ना, हे तपासा. तो २०१६ पासून आहे, तरी बरेच जण सवयीने अमेरिकेतला रीजन ठेवतात आणि साइट उगाच संथ वाटते. क्लाउडफ्लेअरचं खातं मुलांना घरूनच उघडून यायला सांगा. एकाच वायफायवरून पन्नास जण एकदम साइन-अप करायला लागले की कॅप्चा आणि ब्लॉक सुरू होतात. एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजचं भांडार) काही उतरवायची वेळही येऊ देऊ नका. ब्राउझरमधल्या एडिटरवर सगळं होतं. कॉलेजच्या फायरवॉलमधून डॅशबोर्ड उघडतो का, ते आदल्या दिवशी त्याच लॅबमध्ये बसून बघा आणि दोन मोबाइल हॉटस्पॉट तयार ठेवा.

तारीख संक्रांतीच्या आसपास नको, गड्ड्याची यात्रा असते. सेमिस्टर परीक्षाही टाळा. रविवारी सकाळी दहा ते दोन ठेवलंत तर बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटची मुलं दिवसाउजेडी एसटीने घरी पोचतात. मुलींची संख्या यानेच वाढते. एचओडींना (विभागप्रमुखांना) पत्र आधी द्या, लॅब असिस्टंटला रविवारी यावं लागणार असतं. चहा-पोहे वर्गणीतून होतात, त्यासाठी स्पॉन्सर शोधत बसू नका.

बोलणं मराठीत ठेवा, डिप्लॉय, रिक्वेस्ट, टाइमआउट हे शब्द आहेत तसेच राहू द्या. कोणी तेलुगू किंवा कन्नडमध्ये शेजाऱ्याला समजावत असेल तर थांबवू नका, सोलापुरात ते होणारच आणि त्याने काम पुढेच जातं. निघण्याआधी पुढच्या वेळी दहा मिनिटं कोण बोलणार ते विचारून नाव फळ्यावर लिहून घ्या. लॉगचा डेमो आणि हिशोबाचा कागद माझ्याकडे तयार आहे, हवा असेल तर पाठवतो. तारीख ठरली की कळवा, आमच्याकडचे दोघं-तिघं मिरजेवरून रेल्वेने येतील.